दोन टक्क्यांचे मानपत्र

मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या कपाळी काही कामे कायमची लिहिलेली असतात. शेजारच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासणे, सोसायटीच्या सत्यनारायणाची सूचना शुद्ध करून देणे, कुणी वारले की वर्तमानपत्रासाठी चार ओळी खरडणे. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे मानपत्रे. गेल्या वीस वर्षांत निवृत्त मुख्याध्यापकांपासून नवनिर्वाचित नगरसेवकांपर्यंत कितीजणांना मी ‘सौजन्यमूर्ती’ ठरवले आहे, याचा हिशेब ठेवलेला नाही. एक मसुदा तयारच असतो. त्यात नाव तेवढे बदलायचे. एकदा घाईघाईत नावाखेरीज दुसरे काहीच बदलायचे राहून गेले आणि आमच्या निवृत्त ग्रंथपालांच्या मल्लविद्येतील नैपुण्याचा भर सभेत गौरव झाला. बिचारे अंगाने अगदीच किरकोळ. त्यांनी तो मुकाट्याने स्वीकारला, हा त्यांचा मोठेपणा.

तेव्हा गेल्या वर्षी दिवाळीची सुटी संपल्यावर प्राचार्यांनी मला बोलावणे धाडले, त्याचे कारण जिना चढतानाच माझ्या लक्षात आले होते. आमच्या शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कंपनीने महाविद्यालयाला पाणी शुद्ध आणि थंड करणारे यंत्र दिले होते. शिवाय ग्रंथालयासाठी काचेची दोन कपाटे. कंपनीचे नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते एकाच कंपनीपुरते असते तर मी हा लेख लिहायला बसलोच नसतो.

“मानपत्र उत्तम झाले पाहिजे,” प्राचार्य म्हणाले. “‘सामाजिक उत्तरदायित्व’ हे शब्द दोनदा तरी येऊ द्या. आणि यंत्रावर लावायच्या फलकाचा मजकूर निराळा द्या. तो मात्र आटोपशीर हवा. फलक ग्रॅनाइटचा आहे; अक्षरागणिक पैसे पडतात.”

आता कमीत कमी अक्षरांत दानाचा फलक कसा लिहावा, याचे उत्तम नमुने आमच्या जिल्ह्यातच आहेत. कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या गर्दीत तिकडे फारसे कुणी फिरकत नाही. इसवी सनापूर्वीच्या त्या लेण्यांत एका खांबावर दोन हजार वर्षांमागची नोंद आहे: हा खांब प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, मितदेव नावाच्या गंधिकाने दिला. गंधिक म्हणजे अत्तरे-सुगंधी द्रव्ये विकणारा. झाले! गाव, नाव, धंदा आणि वस्तू. ‘दानशूर’ नाही, ‘समाजऋण’ नाही. त्याने एक खांब दिला आणि एका खांबाचेच श्रेय घेतले. सगळे लेणे आपल्या नावावर केले नाही. आजच्या फलकांची सवय झालेल्या डोळ्यांना हा संयम जरा चमत्कारिक वाटतो.

नाशिकच्या पांडवलेण्यांतला दुसरा एक लेख तर मी वर्गात मुद्दाम सांगतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात. याने भिक्षूंसाठी लेणे दिले आणि तेवढ्यावर न थांबता ३,००० कार्षापणे नाशिकमधल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवी म्हणून ठेवली. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने. १,००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचे नाही. व्याज तेवढे वापरायचे. २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापणे. दोन हजारांवर महिना एक टक्का म्हणजे वर्षाला २४०, आणि वीस गुणिले बाराही २४०! ज्याने कुणी हा हिशेब बसवला, त्याला ठाऊक होते की नुसते लेणे कोरून देऊन भागत नाही. पुढच्या पावसाळ्याचे काय, त्याच्या पुढच्याचे काय, हे आजच ठरवावे लागते. दान करणारे पुष्कळ असतात. दिलेल्या वस्तूची निगा कोण राखणार, हा प्रश्न स्वतःला विचारणारे थोडे.

इतके सगळे डोक्यात असताना मानपत्र तासाभरात हातावेगळे व्हायला हवे होते. झाले नाही. त्याचे कारण आमच्या वर्गातला एक मुलगा.

दुसऱ्या वर्षाचा आमचा वर्ग सकाळी साडेसातला भरतो. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला हा मुलगा बसे, आणि पहिल्या दहा मिनिटांत झोपी जाई. सुरुवातीला मला राग आला. मर्ढेकर शिकवताना कुणी झोपला तर तो मी मर्ढेकरांचा नव्हे, माझा अपमान समजतो. पण मग कळले की तो रात्रपाळी करून थेट वर्गात येतो. वैजापूरकडच्या कोरडवाहू गावातला, बाप नाही, धाकटी बहीण शाळेत. कंत्राटदारामार्फत एका लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करायचा. पत्र्याचे तुकडे साच्याखाली ठेवायचे, यंत्र वरून दाबते, तुकड्याला आकार येतो, तो काढायचा आणि पुढचा ठेवायचा. असे रात्रभर. तेव्हापासून मी त्याला उठवीत नसे.

प्राचार्यांनी मानपत्र मागितले त्याच आठवड्यात सोमवारी तो उजव्या हाताला पांढरे गाठोडे बांधून आला. तर्जनी आणि मधले बोट, दोन्ही गेलेली. तास संपल्यावर टेबलाजवळ येऊन उभा राहिला. मला वाटले, पैशांचे काही विचारील. तो म्हणाला, “सर, काही दिवस मला नोट्स उतरवून घेता येणार नाहीत. कुणाला तरी सांगाल का?”

मी त्याच्याबरोबर त्या वर्कशॉपमध्ये गेलो. कागदपत्रे हवी होती, हे एक निमित्त. खरे म्हणजे मला घरी बसवेना. पत्र्याच्या छपराखाली पाच प्रेस मशिने धडाधडा चालू होती. अशा यंत्राला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच दाब खाली यावा, म्हणजे दाब येतेवेळी एकही हात साच्यात राहू नये, अशी ती साधी, शहाणी योजना. या यंत्रांवर एकेक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवले होते. एक हात मोकळा राहतो, तेवढ्याने माल लवकर निघतो.

मालक मला खलनायक वाटता तर माझे काम सोपे झाले असते. पण तो चाळिशीचा, थकलेला, माझ्यासारखाच दिसणारा माणूस निघाला. स्वतःही पूर्वी प्रेसवरच काम केलेला. मला खुर्ची देऊन तो म्हणाला, “सर, पट्टी मीच लावली. खोटे कशाला बोलू? एका नगामागे मला काही पैसे सुटतात. रुपये नाहीत, पैसे. दर वर्षी कंपनी म्हणते, दर कमी करा. केले नाहीत तर पलीकडच्या गाळ्यातला तयार आहे. आणि झालेल्या मालाचे बिल चार-चार महिने अडकते. सेन्सर बसवायचा म्हणता, तो कुठल्या पैशांतून?”

“कंपनी कोणती?” मी विचारले.

त्याने सांगितले. आमच्या यंत्रावर जिचा फलक लागायचा होता, तीच.

त्या रात्री मी माझ्या मेहुण्याला घरी बोलावले. तो चार्टर्ड अकाउंटंट आहे आणि जेवणाचे आमंत्रण असले की कोणताही कायदा समजावून सांगतो. पिठल्याचा दुसरा वाढा घेत म्हणाला, “दाजी, तुम्ही मानपत्र कसले लिहिताय? ते दान नाही. कायदा आहे.”

त्याने सांगितले ते माझ्यासारख्याच्या भाषेत असे. कंपनी कायदा २०१३ सालचा. त्याच्या १३५ व्या कलमाने ठरवले की ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एका मापाला जरी ती पोचली, तरी तिने मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान २ टक्के समाजोपयोगी कामांवर खर्चावेत. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, पर्यावरण, अशी कामांची यादी कायद्यालाच जोडलेली. जिथे कंपनी चालते त्या परिसराला आधी पसंती द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. २०२१ साली नियम आणखी आवळले: खर्च न झालेले पैसे तिजोरीत पडू द्यायचे नाहीत, ते ठरलेल्या खात्यात किंवा निधीत गेलेच पाहिजेत.

“आणि कामगारांवर केलेला खर्च?”

“तो यात धरत नाहीत. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातले काम धरत नाहीत, आणि केवळ आपल्याच नोकरांच्या भल्याचे कामही धरत नाहीत.”

क्षणभर मला ते अन्यायाचे वाटले, मग पटले. कामगाराच्या यंत्राचे आवरण, जेवणघर, पाळणाघर, या काही दयेच्या गोष्टी नव्हेत. १९४८ च्या कारखाना कायद्यानेच त्या सांगून ठेवल्या होत्या. देणे असलेली रक्कम देणगी म्हणून दाखवू नये, हे ठीकच. पण त्याचा एक परिणाम मौजेचा झाला आहे. कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडून पाहा. त्या २ टक्क्यांचे गुळगुळीत कागदावर रंगीत प्रकरण असते: झाडे लावणारे अधिकारी, हात उंचावून हसणारी शाळेतली मुले. उरलेले ९८ टक्के कसे मिळाले, त्याचे चित्र कुणी छापीत नाही.

आणि माझा तो विद्यार्थी? सकाळी साडेसातला तो आमच्या महाविद्यालयात येतो तेव्हा कंपनीच्या लेखी तो ‘समाज’ असतो. त्याच्यासाठी शुद्ध पाण्याचे यंत्र येते. रात्री अकराला तो प्रेससमोर उभा राहतो तेव्हा तो तिचा कामगार नसतो, कारण तो दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये असतो. आणि तिथेही तो कंत्राटदाराचा असतो. एकाच मुलाला एक कंपनी पाणी पाजते आणि ओळख मात्र देत नाही. यात कुणी लबाडी केली असे नव्हे. सगळे कागद बरोबर आहेत. दोन खाती आहेत, आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही.

हा मुलगा एकटा नाही, हेही मला त्याच सुमारास कळले. ‘सेफ इन इंडिया’ नावाची संस्था वाहनांचे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांतल्या जखमी कामगारांसाठी काम करते. २०१९ पासून ती ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल काढते. त्यांत हेच आहे: हात जातात ते बहुतेक पॉवर प्रेसवर, आणि जखमी होतात ते बहुतेक खालच्या पायरीवरच्या पुरवठादारांकडचे, थोडे शिकलेले, बाहेरगावचे कामगार. आणखी एक गोष्ट त्यांत वाचली आणि मी आमच्या मुलाचे कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड पुन्हा काढून पाहिले. पुष्कळांना हे कार्ड अपघात झाल्यानंतर मिळते, असे तिथे म्हटले होते. आमच्या मुलाच्या कार्डावरची तारीख अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची होती.

पुरवठादाराच्या छपराखाली जे घडते ते आमचे नव्हे, हे म्हणणे जगात एकेकाळी सर्रास चालून जाई. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साव्हर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे तिच्याखाली मेली. तिथे शिवले जाणारे कपडे युरोप-अमेरिकेतल्या नामांकित दुकानांत जात. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत जावे लागले, कारण माल वेळेवर पोचायचा होता. त्यानंतर कितीतरी विदेशी कंपन्यांनी कायद्याने बांधील राहील असा करार केला, आणि दुसऱ्याच्या मालकीच्या कारखान्यांतली आगीची व इमारतीची सुरक्षितता तपासण्याची जबाबदारी अंगावर घेतली. आपला २ टक्क्यांचा कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग.

वाचकांपैकी कुणी म्हणतील, मास्तर, तुम्हाला उद्योग चालवायचा नाही, बोलायला काय जाते! खरे आहे. म्हणून चालवणाऱ्यांचीच उदाहरणे घेतो. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. अशी भरपाई देण्याचा कायदा सरकारने केला १९२३ साली. म्हणजे अठ्ठावीस वर्षे ही गिरणी कायद्याच्या पुढे चालत होती, आणि तरीही नफ्यात होती. ती गिरणी आज नाही. पण ती बुडाली ती कामगारांना भरपाई दिल्याने, असे मात्र कुणी म्हणू शकणार नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण तर मराठी घरांना सांगायला नको. १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर केला; लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. त्यांना समजवावे लागले, थांबावे लागले. पुढे १९२० साली कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, आणि शंकररावांच्या हाती तिचे हळूहळू मासिक झाले. मागोमाग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. नांगराच्या कारखान्याने महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना वाचायला शिकवले, स्त्रियांना बोलायला जागा दिली. गंमत म्हणजे आजच्या नियमाने हे सगळे ‘नेहमीच्या धंद्यातले’ ठरून दोन टक्क्यांत बसलेही नसते! ज्या कामाला धंद्यापासून वेगळे काढता येत नाही, तेच बहुधा खरे असते, असा मला आपला संशय आहे.

आमच्या शहराकडेच पाहा. छत्रपती संभाजीनगर म्हणा की जुन्या माणसांच्या तोंडचे औरंगाबाद, गावाचे नशीब गेल्या चाळीस वर्षांत कारखान्यांनी पालटले. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांची शेकडो लहान वर्कशॉप्स उगवली. आमच्या महाविद्यालयातल्या निम्म्या मुलांच्या घरची चूल त्यांवर पेटते. हे मी विसरलो तर कृतघ्न ठरेन. बजाज समूहाची जानकीदेवी बजाज ग्रामविकास संस्था १९८७ पासून खेड्यांत काम करते आहे. कायदा यायला तेव्हा पुरती सव्वीस वर्षे होती. तेव्हा उद्योगाला माणुसकी कायद्यानेच शिकवावी लागते, असेही नाही.

पण कारखान्यांचे आणि आमचे खरे नाते आहे ते पाण्याचे. पैठणच्या नाथसागरातून कारखान्यांनाही पाणी येते आणि आमच्या नळांनाही. नळाच्या पाण्याचे वार मोजीत आम्ही कित्येक वर्षे काढली आहेत. आमच्या घरी कॅलेंडरावर एकादशी-चतुर्थीबरोबर पाण्याचे दिवसही लाल शाईने खुणावलेले असत. ते धरण १९७६ साली पुरे झाले, आणि त्याखाली शंभराहून अधिक गावे गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा इथल्या खंडपीठाला मद्याच्या कारखान्यांचे पाणी ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांचे २५ टक्के कापण्याचा हुकूम द्यावा लागला. न्यायालयाने सांगेपर्यंत कुणीच का थांबले, हे मला त्या वेळी उमगले नव्हते.

त्याच पाण्याची एक बरी गोष्टही सांगितली पाहिजे. पाणचक्कीच्या कडेने वाहणारी खाम नदी आमच्या पिढीने नाला म्हणूनच पाहिली. नाक धरूनच पूल ओलांडायचा. ही खाम पुढे वाळूजकडून जाऊन नाथसागरालाच मिळते. म्हणजे आम्ही टाकलेले फिरून आमच्याच हंड्यात! अलीकडे महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व नावाची संस्था आणि इथलीच व्हॅरॉक कंपनी यांनी मिळून ती नदी साफ करायला घेतली. गाळ आणि कचरा काढला, काठ बांधले, झाडे लावली. आणि मुख्य म्हणजे नदीत कचरा येतो तो घराघरांतून, म्हणून घराघरांतला कचरा उचलण्याची व्यवस्था लावायला घेतली. जगभरच्या शहरांसाठी असलेल्या रॉस पुरस्काराच्या अंतिम यादीत २०२३-२४ मध्ये हे काम पोचले. मला त्यातले आवडले ते पुरस्काराचे नाव नव्हे. नदी एकदा धुऊन फोटो काढला की संपले, असे तिथे करता येत नाही. पुढच्या पावसात ती पुन्हा घाण होते आणि पुन्हा उतरावे लागते. पलीकडे पाणचक्कीत डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जाते फिरवले, आणि दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंचे, फकिरांचे दळण दळले. नळ दर काही वर्षांनी उकरून पाहणारा कुणीतरी असल्याखेरीज ते जाते फिरत राहिले नसते.

असो. मानपत्राकडे वळतो.

मी ते लिहिले, पण माझ्या जुन्या मसुद्यावरून नव्हे. मितदेव गंधिकाच्या धाटणीने लिहिले: अमुक कंपनीने अमुक तारखेला अमुक लिटरचे यंत्र दिले, इतकी मुले त्याचे पाणी पितात, त्याबद्दल आभार. आणि खाली एक वाक्य: यंत्राच्या वार्षिक निगेची तरतूद कंपनी व महाविद्यालय मिळून करतील. प्राचार्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले. “सर, हे मानपत्र आहे की पंचनामा?” शेवटचे वाक्य त्यांनी खोडले आणि ‘सामाजिक उत्तरदायित्व’ स्वतःच्या हाताने दोनदा घातले.

समारंभाला कंपनीच्या त्या विभागाच्या अधिकारी बाई आल्या होत्या. तिशीच्या, मनमोकळ्या. चहाच्या वेळी मी त्यांना गाठले आणि त्या मुलाची हकीकत सांगितली. त्यांचा कप हातातच राहिला. “सर, मला खरेच माहीत नव्हते,” त्या म्हणाल्या. “पण पुरवठादार हे खरेदी खात्याचे काम. माझ्या अखत्यारीत गेटच्या आतले काहीच येत नाही.”

“मग खरेदी खात्यात कुणाला भेटू?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी मुलाला बोलावून त्याचे कागद मोबाइलवर टिपून घेतले. मी माझे चार शब्द सांगून टाकले; मास्तरला ती खोड असतेच. दर ठरवताना सेन्सरचा आणि आवरणाचा खर्च त्यात धरा. लहान उद्योगांची बिले ४५ दिवसांत चुकवावीत, असा २००६ चा कायदाच आहे. तेवढा पाळा, म्हणजे निम्म्या चिकटपट्ट्या आपोआप निघतील. माणूस कामावर आला त्या दिवशीच त्याचे विमा कार्ड निघाले आहे की नाही, हे माल घेण्याआधी विचारा. आणि आणखी एक. ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या या शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज गाड्या विकत घेतल्या होत्या. घाऊक घेतल्याने स्वस्त पडल्या, म्हणून देशभर कौतुक झाले. ज्यांना दीडशे मोटारी एकत्र घेता येतात, त्यांना दीडशे वर्कशॉपांसाठी सेन्सर एकत्र घेता येणार नाहीत काय? महागडी यंत्रे सामायिक वापरायला वाळूजला ऑटो क्लस्टर आहेच.

बाई हसल्या. पण त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतले.

मार्चमध्ये कंपनीची दोन माणसे त्या वर्कशॉपमध्ये गेली. चिकटपट्ट्या निघाल्या. पाचांपैकी दोन यंत्रांवर सेन्सर बसले. उरलेल्या तिन्हींवर ‘पुढच्या वर्षी’. नगाचा दर वाढला नाही, पण बिले जरा लवकर निघू लागली, असे मालक म्हणाला. पलीकडच्या गाळ्यात कोणी गेले होते का, असे मी विचारले. तो नुसता हसला. मुलाच्या विम्याचे प्रकरण अजून चालू आहे. कार्डावरची तारीख आडवी येते. दर महिन्याला एकदा मी त्याच्याबरोबर त्या कार्यालयात जाऊन बसतो. तिथल्या बाकावर दोन बोटे, तीन बोटे गेलेली माणसे रांगेने बसलेली असतात आणि आपापसांत पावसापाण्याच्या गोष्टी करतात.

उन्हाळी परीक्षेला त्याला लेखनिक मिळत होता. त्याने घेतला नाही. डाव्या हाताने लिहिले. पेपर तपासताना मला त्याचे अक्षर ओळखू आले नाही, आणि ते बरेच झाले. पाच गुणांनी प्रथम वर्ग हुकला. म्हणतो, पुढच्या खेपेला.

पाण्याचे यंत्र एप्रिलपासून बंद आहे. आतला एक भाग बदलायचा आहे. तो कुणी बदलायचा, याचा पत्रव्यवहार चालू असून त्या पत्रांची भाषा शुद्ध करण्याचे काम माझ्याकडे आहे. फलक मात्र रोज पुसला जातो. आमच्या शिपायाने यंत्राशेजारी तिवईवर लाल मातीचा माठ ठेवला आहे आणि त्यावर पितळी झाकण. सकाळी पहिल्या तासानंतर तो मुलगा तिथे येतो, डाव्या हाताने ओगराळे बुडवतो, आणि मागे उभ्या असलेल्या मुलांच्या बाटल्या आधी भरून देतो.